कोंबड्यांचं पीठ

त्या वर्षी पाऊस पत्ता चुकला. ज्या महिन्यात त्याला हात जोडून बोलावलं त्या महिन्यात तो फिरकला नाही, आणि गहू कापून खळ्यावर पडला तेव्हा न बोलावता येऊन मुक्काम ठोकून बसला. लोकांनी गहू उन्हात पसरला, उलथापालथा केला, पोत्यात भरला. वरून वाळला होता. आतून तो काय होता ते दळायला घेतल्यावर कळायचं, आणि ते सर्वांत आधी कळलं गावातल्या गिरणीवाल्याला.

ओलसर गहू दगडाला लेपतो. दगडाच्या खाचा भरून जातात, दगड गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत दगड दळत नाही, नुसता रगडतो. पीठ चटका बसेल इतकं गरम पडायला लागलं. बायका कणीक मळायच्या आणि ती तुटायची. आधी त्यांनी पाण्याला दोष दिला, मग सुनांना, आणि शेवटी गिरणीला.

दगड उतरवून त्यांना टाकी लावायची वेळ झाली होती. एरवी हंगामाच्या तोंडावर टाकीवाला खांद्यावर पिशवी टाकून यायचा, छिन्नी-हातोडीने दगडाला नव्या खाचा पाडून द्यायचा, आणि जेवून जायचा. यंदा त्याचा निरोप आला. तो शहरात न्हाणीघरांना फरशा बसवत होता. तिथला दगड आयता घासून येतो, नुसता चिकटवायचा असतो, आणि गुळगुळीत झाला तर लोक वर कौतुक करतात. असला धंदा सोडून कोण येतो?

गिरणीवाला म्हणाला, "गेला उडत. मीच लावतो." वरचा दगड साखळीने उचलताना साखळी घसरली, ती सावरताना त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, पण मूळ जागेच्या जरासा शेजारी बसवला. हात गळ्यात बांधून गिरणीवाला पोत्यावर बसून राहिला. जन्मभर बारीक दळूनही माणूस जाडाभरडाच राहिला होता. आता तर त्याच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नव्हती.

"दगड बंद राहिले तर लोक फाट्यावर जातील," त्याची बायको म्हणाली.

"जाऊ देत."

"एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का कधी? वळणाचं पाणी ते."

फाट्यावर नवी गिरणी निघाली होती. तिथे बसायला बाक होता आणि बाकावर पंखा होता. गिरणीवाल्याच्या मते ज्या गिरणीत पंखा लागतो तिथे पीठ कमी आणि हवा जास्त. पण हे मत ऐकायला पुढे रांग हवी, आणि रांग रोज आखूड होत होती.

अशात थोरली घरी आली.

थोरली म्हणजे गिरणीवाल्याची मुलगी, शहरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. धाकटं कोणी नव्हतं, पण ती जन्मली तेव्हा आशा होती, म्हणून नाव पडलं ते पडलं. कॉलेजात यंदा नवा विषय निघाला होता, जीवनकौशल्य आणि व्यवसायकौशल्य. शिकता शिकताच हाताला काम लागलं पाहिजे, असं त्या विषयाच्या सरांचं म्हणणं होतं. सरांच्या स्वतःच्या हातात कायम खडू असे. प्रत्येकाने सुट्टीत महिनाभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं, तिथल्या मालकाने शेरा द्यायचा, समाधानकारक किंवा असमाधानकारक. त्याशिवाय परीक्षेला बसायला मिळणार नव्हतं.

थोरलीला गाड्यांच्या दुकानात जागा मिळाली होती. दारात उभं राहून येणाऱ्याला हसून 'या' म्हणायचं. आठवड्याच्या आत तिला परत पाठवलं. ती हसायची, पण जरा उशिरा हसायची. तोवर गिऱ्हाईक आत पोचून गाडीच्या टायरला लाथ मारून बघत असायचं.

"मी इथेच महिनाभर काम करते," ती बापाला म्हणाली. "अनुभव म्हणून."

"इथे कसला अनुभव? इथे काम असतं."

"तेच हवंय त्यांना, आप्पा."

"आणि शेरा कोण देणार?"

"मालक."

"मालक कोण?"

"तुम्हीच की."

गिरणीवाला विचारात पडला. आजवर त्याने साऱ्या गावाला शेरे दिले होते, पण कोणी मागून घेतले नव्हते.

"मी खरं तेच सांगणार. घरची म्हणून काही नाही."

"बरं."

"मग बस दगडाशी."

"अहो, पोरीला शिकायला पाठवलंय की दगड फोडायला?" आई आतून म्हणाली. मग तिला वाटलं आपण फारच बोललो, म्हणून तिने जोडलं, "तसं टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात."

"देवपण राहू दे. पीठ आलं तरी पुष्कळ."

शेजारच्या दोघांना बोलावून वरचा दगड उतरवला, उताणा केला, पोत्यावर टेकवला. थोरली पुढ्यात मांडी घालून बसली. डोळ्यांवर बापाचा जुना चष्मा, तोंडावर ओढणी. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी. पहिला घाव दगडावर बसला, दुसरा अंगठ्यावर.

"छिन्नीकडे बघू नको," बाप पोत्यावरून म्हणाला. "छिन्नी टेकली आहे तिथे बघ."

"दोन्ही एकाच जागी आहेत आप्पा."

"अंगठाही तिथेच आहे. त्याच्याकडे बघितलंस, त्याला लागलं."

खाचा दगडाच्या मध्यापासून काठाकडे न्यायच्या, मध्ये खोल, काठाला उथळ. मग दोन खाचांमधल्या जागेवर बारीक बारीक टोचे मारायचे, जवळजवळ, पण एकावर एक नाही. ऐकायला हे सोपं होतं. दुपारपर्यंत थोरलीच्या तळहाताला फोड आले, संध्याकाळी ते फुटले. दगडाची कच उडून मनगटाच्या कातडीत रुतली आणि काळे ठिपके उठले, ते धुऊन निघेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कंगवा धरता येईना, तेव्हा आईने तिची वेणी घातली. वेणी घालताना आईने पेड जरा जास्त आवळले.

"आप्पा, सर म्हणतात, कामाच्या प्रत्येक टप्प्यावर मालकाचं मत विचारायचं."

"विचार."

"कसं झालंय?"

"वाईट."

"कुठे सुधारणा हवी?"

"सगळीकडे."

ती पुन्हा बसली. बाप डाव्या हाताची बोटं दगडावरून फिरवायचा, कुठेतरी थांबायचा, आणि थुंकून म्हणायचा, "इथे झोपली होतीस." ती तिथे पुन्हा टोचे मारायची. ठक, ठक, ठक. गिरणीची धडधड बंद आणि हा आवाज चालू. येणारा-जाणारा दारात थबकायचा.

आतमध्ये भिंतीलगत दळणाचे डबे रांगेत होते. आई येईल त्याला सांगायची, "उद्या. उद्या नक्की." उद्याचा परवा झाला तशी शिंपीणबाई आली. तिने आपला डबा रांगेतून उचलला.

"अहो, होईलच आता," आई म्हणाली.

"होईल हो. पण माझ्या नवऱ्याला आज भूक लागते. त्याला सांगितलं, जरा दगडाला धार येईपर्यंत थांबा, तर तो माझ्याच जिभेला धार आहे म्हणाला." डबा काखेत मारून ती फाट्याच्या दिशेने गेली. तिच्यामागे आणखी दोघी डबे उचलून गेल्या. जाताना त्यांनी थोरलीकडे पाहिलं नाही, दगडाकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहावं तसं.

आठवडा मावळायच्या आत दोन्ही दगडांची टाकी पुरी झाली. बापाने दोन्हीवरून बोटं फिरवली, थुंकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. थोरलीने ते पाहिलं. मत विचारायची वेळ हीच होती, पण तिने विचारलं नाही. तेवढं ती शिकली होती.

दगड चढवले, पट्टा ताणला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याला शहरात दवाखान्यात जायचं होतं, खांद्याची तारीख होती. "सुरू कर," तो जाताना म्हणाला. "चाक सैल सोडून सुरू कर, मग आवळत ने." आणि एसटी पकडायला गेला.

आता या घराची एक जुनी रीत होती. दगडाला टाकी लावली की पहिल्यांदा घरचा किडका-फुटका गहू त्यातून काढायचा आणि ते पीठ कोंबड्यांना घालायचं. गिरणीवाल्याचा बापही तसंच करायचा. का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. आईला वाटायचं, मुक्या जिवाचा मान आहे. थोरलीला वाटायचं, आप्पांना कोंबड्या आवडतात.

"कोंबड्यांचं काढतेस ना आधी?" आईने विचारलं.

"आई, बाहेर रांग बघ. त्यात अर्धा तास जाईल. सर म्हणतात, कुठल्याही धंद्यात वेळ आणि माल कुठे वाया जातोय ते आधी शोधायचं. कोंबड्यांना दाणे टाक, त्यांना कुठे कणीक मळायची आहे?"

हे आईला पटलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं कसं सरळ असतं, असं तिच्या मनात आलं. तिने कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले आणि पहिला डबा स्वतःच्या हाताने वरच्या पेटीत ओतला. तो रिटायर झालेल्या पोस्टमनचा होता.

गिरणी धडधडली. पीठ मऊ, थंड, भुरभुर पडत होतं. थोरलीने चाक आवळत नेलं. लोक दारात उभे राहून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "पोरीने दगड जिवंत केला की." थोरली हसली, आणि या खेपेस वेळेवर हसली. दुपार टळायच्या आत निम्मी रांग संपली.

गिरणीवाला परत आला तेव्हा चांगलं ऊन होतं. दारात उभा राहून त्याने आधी आवाज ऐकला. मान हलवली. मग सोंडेखालचं पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं आणि दातांखाली धरलं.

"बंद कर."

थोरलीने खटका पाडला. पट्टा फटफट करत थांबला.

"कोंबड्यांना घातलं होतं?"

"ते यंदा वाचवलं, आप्पा."

गिरणीवाला पोत्यावर बसला. नव्या टाकीच्या खाचांमध्ये दगडाची कच बसलेली असते. ती पहिल्याच दळणाबरोबर झाडून काढली नाही तर दिवसभर पिठात येत राहते. हे त्याने आता सांगितलं.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," थोरली म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला कोंबड्या आवडतात."

"मला?" तो म्हणाला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्याने त्यांच्याकडे पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं.

त्या संध्याकाळी गावात जेवताना फारसं कोणी बोललं नाही. बोलायला तोंड हलवावं लागतं. ज्यांना दात नव्हते त्यांनी तक्रार केली नाही. बाकी सगळ्यांनी केली. सकाळी गिरणीच्या दारात रांग लागली, पण डबे खाली ठेवायला कोणी तयार नव्हतं. पोस्टमनकाकांनी रुमाल उलगडून आपली नवी कवळी दाखवली. तिचा एक दात गेला होता.

"इतकी वर्षं गावाला पत्रं वाटली," ते म्हणाले, "एकाही पाकिटात मी कधी दगड घातला नाही."

"काका, चुकलं माझं," थोरली म्हणाली.

"काकू, पोरीला कॉलेजात काय शिकवतात हो?" मागून कोणीतरी विचारलं. "दगडापासून पोषण?"

लोक हसले. गिरणीवाला हसला नाही. लोक पांगल्यावर तो थोरलीला म्हणाला, "ज्यांचं दळलंस त्यांच्या घरी जा. पीठ परत घे. आपल्या कणगीतला गहू दळून बदली दे."

"आपला वर्षाचा गहू आहे तो," आई म्हणाली.

"हो."

"काय बोलू मी तिथे?" थोरलीने विचारलं.

"बोलायला शिकवतात ना तुमचे सर."

शिकवत होते. पहिल्या घरी थोरली ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्या घरची म्हातारी जरा बहिरी होती. तिने सुनेला हाक मारली, "अगं, बँकेतून कोणी आलंय." दुसऱ्या घरी याच वाक्यावर पोरं हसली आणि ती दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत हे वाक्य म्हणत तिच्यामागे गेली.

तिसरं घर शिंपीणबाईच्या जावेचं. ती चुलीशी होती. थोरलीला पाहून तिने कालच्या पोळीचा एक घास ताटलीत घेतला आणि पुढे केला.

"खा."

थोरलीने घास तोंडात घातला. दातांखाली कच वाजली, थेट कानात. ती चावत राहिली. जाऊ बघत होती. थुंकायला जागा नव्हती, आणि असती तरी थुंकता आलं नसतं. तिने गिळलं.

"माझ्यामुळे दगड आला पिठात," ती म्हणाली. "पीठ द्या, संध्याकाळपर्यंत दुसरं आणून देते."

"हे आधीच बोलली असतीस तर घास दिला नसता," जाऊ म्हणाली आणि डबा काढून दिला.

पुढच्या प्रत्येक घरी थोरलीने तेवढंच वाक्य म्हटलं. त्याला कोणी हसलं नाही. डोक्यावर एक डबा, काखेत एक, असं करत तिने दिवसभर पीठ गोळा केलं. कणगी अर्ध्याच्या खाली गेली. परत आणलेलं पीठ अंगणात ओतलं, तेव्हा कोंबड्यांचा आनंद गगनात मावेना. घरात तेवढ्याच खूश होत्या.

गिरणी आता उत्तम चालत होती. पीठ असं पडायचं की हात घालावासा वाटावा. फक्त दळायला काही नव्हतं. लोकांनी बदली पीठ घेतलं, चांगलं आहे म्हणाले, आणि नवा डबा घेऊन फाट्यावर गेले. गिरणीवाला सकाळी खटका ओढायचा, रिकामे दगड एकमेकांना लागू नयेत म्हणून लगेच पाडायचा. थोरली पट्टा पुसायची. पुसलेला पट्टा पुन्हा पुसायची. आई दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि कोण डबा घेऊन कुठे चाललंय ते मोठ्याने सांगायची, जणू कोणी विचारलं होतं.

महिना भरत आला तेव्हा सर आले. स्कूटरवरून, पांढऱ्या शर्टात. आत पाऊल टाकलं आणि खांबाला टेकले. शर्ट मुळात पांढरा होता म्हणून काही दिसलं नाही, पण पँट काळी होती.

"छान! छान वातावरण आहे," सर म्हणाले. "मालक, आपली ही विद्यार्थिनी कशी वाटली?"

"गावाला दगड चारले तिने."

सर हसले. गिरणीवाला हसला नाही हे बघून थांबले. "बरं, लोकांशी संवाद?"

"घरोघरी जाऊन आली."

"वा! आणि नेतृत्व? चार माणसं मागे येतात का हिच्या?"

"सगळं गाव गेलं की. फाट्यावर."

थोरली पट्टा पुसत होती. सरांनी खिशातून पेन काढलं. "मग शेरा? समाधानकारक म्हणू?"

"समाधान कसलं हो? माझं समाधान झालं असतं तर मी कधीच बंद करून झोपलो असतो."

"म्हणजे असमाधानकारक? विचार करा मालक. तिला परीक्षेला बसता येणार नाही."

"अहो, बोला ना नीट," आई म्हणाली.

गिरणीवाल्याने गळ्यातला हात सावरला. "मी खरं सांगणार म्हणून ठरलंय तिच्याशी," तो म्हणाला, पण पुढचं खरं काय ते त्याच्या तोंडून लवकर येईना.

इतक्यात बाहेर टेम्पो थांबला. उतरला तो फाट्यावरचा गिरणीवाला. इकडे तो कधी आला नव्हता. घाम पुसत दारातच उभा राहिला. पंख्याची सवय झाली की असं होतं.

"काय, कसा आहे खांदा?"

"आहे खांद्याच्या जागी. जवळपास."

"माझे दगड लेपलेत हो," फाट्यावरचा म्हणाला. "तुमचं पण गिऱ्हाईक आलं, सगळ्यांचा गहू ओला. पीठ जळकट पडतंय. काल बंद केली. बायका डबे धरून बसल्यात बाकावर. टाकीवाला यायला तयार नाही. म्हणून म्हटलं," तो थोरलीकडे वळला, "पोरगी टाकी लावते असं ऐकलं."

"दगड चारले तेही ऐकलं असशील," गिरणीवाला म्हणाला.

"ते तर आधी ऐकलं. ज्याने एकदा चारले तो पुन्हा चारत नाही. न चारलेला माणूस आणून मी काय करू?"

आई उठून थोरलीजवळ आली. "जाऊ नको गं," ती दबल्या आवाजात म्हणाली, पण तिचा दबला आवाज दळणाच्या आवाजात बोलायची सवय असलेला. "बंद पडू दे त्याची. लोक आपोआप येतील."

फाट्यावरच्याने ऐकलं नाही असं दाखवलं. सर पेन धरून उभे होते. गिरणीवाला मुलीकडे बघत होता. थोरलीने फडकं खाली ठेवलं.

"दगड काळा आहे की तांबडा?" तिने विचारलं.

"काळा."

"मग छिन्नी दोनदा तापवून धार लावून घ्यावी लागेल. लोहाराकडचं तुम्ही बघायचं. मी उद्या दुपारी येते. दगड उतरवून, उताणा करून ठेवा, उचलायला मी कोणाला आणणार नाही."

"ठेवतो."

"आठवडा लागेल. तोवर तुमच्याकडचे डबे काय करणार?"

फाट्यावरच्याने पुन्हा घाम पुसला.

"ओला गहू डब्यात राहिला तर वास धरेल. मग शिव्या तुम्हाला बसतील. आत्ता जा आणि सगळे डबे टेम्पोत घालून इथे आणा. इथे दळून होतील. तुमचे दगड तयार झाले की तुम्ही तुमचं दळा, आम्ही आमचं. मग ज्याचं पीठ मऊ त्याचं गिऱ्हाईक."

फाट्यावरच्याने गिरणीवाल्याकडे बघितलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

"मी तिला अंगठा सांभाळायला शिकवत होतो. तोही तिने फोडला," गिरणीवाला म्हणाला.

फाट्यावरचा मान हलवून टेम्पोत बसला. अर्ध्या तासात टेम्पो परत आला. मागच्या फळीवर डबे, डब्यांवर बायका. सर्वांत वर शिंपीणबाई, आपला डबा मांडीत धरून.

"परत इकडेच का?" आईने विचारलं.

"काय करणार? तिथे पंखा आहे, पीठ नाही," शिंपीणबाई उतरत म्हणाली. तिने डबा भिंतीलगत पहिल्या जागेवर ठेवला आणि थोरलीला म्हणाली, "आधी माझं. पहिली गेले, पहिली आले."

गिरणीवाल्याने डाव्या हाताने खटका ओढला. पट्टा धरला, दगड फिरले, भिंती थरथरायला लागल्या. थोरलीने शिंपीणबाईचा डबा वरच्या पेटीत रिकामा केला आणि चाकावर हात ठेवून कान लावून उभी राहिली.

"मालक!" सर त्या धडधडीत ओरडले. "शेऱ्याचं काय? काय लिहू?"

"काय?"

"शेरा!"

"आत्ता कुठे वेळ आहे?" गिरणीवाला ओरडला. "माझा एक हात गेलाय, ती दगडावर आहे, टेम्पोत अजून निम्मे डबे पडलेत. तुम्ही रिकामे दिसता. लागा उतरवायला."

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. पेन खिशात ठेवलं, बाह्या सरकवल्या, टेम्पोशी गेले आणि एक भरलेला डबा कड्यांना धरून छातीशी ओढला. तोंडाकडचा पत्रा वाकला, गहू सांडायला लागला.

थोरलीने चाकावरून नजर न काढता हाक दिली.

"सर, कड्या सोडा! खालून धरा. आणि गुडघे आधी वाकवा, मग डबा उचला, नाहीतर उद्या आप्पांच्या शेजारी बसाल."

सरांनी कड्या सोडल्या, गुडघे वाकवले आणि डबा खालून धरला.

"कसं झालं?" त्यांनी रांगेशी पोचल्यावर धापा टाकत विचारलं.

"वाईट," गिरणीवाला म्हणाला. "दुसरा आणा."